फळापासून पेल्यापर्यंत : मळ्यातली फळे आणून घरी केलेली फिल्टर कॉफी

कर्नाटकातल्या चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांत मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस झाला, की आठ-दहा दिवसांत अरेबिका जातीच्या कॉफीची झुडपे पांढऱ्या फुलांनी भरून जातात. त्या फुलांची फळे पिकायला आठ-नऊ महिने लागत असल्याने तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी या काळात होते. रोबस्टा या दुसऱ्या जातीची तोडणी त्यानंतर, मार्चपर्यंत चालते. आपल्याकडे मेळघाटातल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते. मळेवाल्यांशी ओळख असेल तर सहा किलो पिकलेली फळे मागून घ्यावीत. त्यातून जेमतेम एक किलो कच्ची बी हाती येते.

फळ पूर्ण लाल झालेलेच घ्यावे. भाजणी कितीही कसबाने केली तरी हिरव्या फळाचा तुरटपणा जात नाही, त्यामुळे इथे तडजोड करू नये. आणल्या दिवशीच फळे पाण्यात टाकून तरंगणारी काढून टाकावीत आणि उरलेली बोटांनी दाबून बिया सोडवाव्यात. या बियांवर बुळबुळीत चिकटा असतो. तो सुटावा म्हणून बिया झाकलेल्या भांड्यात एक ते दीड दिवस आंबू द्याव्यात. थंडी असेल तर वेळ अधिक लागतो, म्हणून घड्याळापेक्षा हाताची परीक्षा खरी मानावी : मूठभर बिया धुऊन चोळल्यावर त्या निसटत असतील तर अजून आंबू द्याव्यात, वाळूत मिसळलेल्या खड्यांसारख्या खरखरीत लागल्या आणि कर्र असा आवाज आला, की लगेच स्वच्छ पाण्याने तीन-चारदा धुऊन घ्याव्यात. जास्त आंबलेल्या बियांना येणारा आंबूस वास पुढे कपातही येतो.

धुतलेल्या बिया जाळीवर पातळ पसरून आठ-दहा दिवस उन्हात वाळवाव्यात, दिवसातून अनेकदा हलवाव्यात आणि संध्याकाळी दव पडण्याआधी झाकाव्यात. बीमध्ये १०-११ टक्के ओलावा उरला पाहिजे. घरी तो मोजता येत नाही. टरफल सोलून बी दाताखाली धरावी आणि दाताची खूण उमटली नाही तर वाळवण पुरे झाले असे समजावे. मग उखळात हलक्या हाताने कांडून, सुपात पाखडून टरफल वेगळे करावे.

भाजण्यासाठी जाड लोखंडी कढई घ्यावी, मध्यम आचेवर एका वेळी दीडशे-दोनशे ग्रॅम बी टाकावी आणि झारा क्षणभरही थांबवू नये. हिरवट बी आधी पिवळी पडते, गवतासारखा वास येतो, मग ती तपकिरी होऊन स्पष्ट तडतडू लागते. हे तडतडणे थांबल्यावर दोन-एक मिनिटांत, तेल सुटून बी चकाकण्याआधी कढई उतरवावी. कढईत राहिलेली बी भाजतच राहते, म्हणून ती लगेच परातीत पसरून वारा घालावा. बीमधला वायू निघून जाण्यासाठी एक दिवस थांबून, लागेल तेवढीच दळावी. पूड बारीक रव्याइतकी असावी. चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) आवडत असेल तर पाचवा हिस्सा पुरतो. बाजारातल्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असण्याचा नियम आहे. म्हणजे चिकोरी जवळपास निम्मी असू शकते. घरी तेवढी घालणे म्हणजे इतक्या खटपटीने मिळवलेली चव झाकून टाकणे होय.

एकावर एक बसणाऱ्या दोन भांड्यांच्या फिल्टरच्या वरच्या, तळाला छिद्रे असलेल्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घालून दांड्याच्या चकतीने हलकेच सारखी करावी. जोराने दाबल्यास पाणी अडकून राहते. उकळी आलेले पाणी अर्धा मिनिट थांबवून सुमारे १२० मिलिलिटर एवढे सावकाश ओतावे आणि झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरते. ते पुन्हा उकळू नये, कारण मग कडवटपणा वाढून सुगंध उडून जातो. पेल्यात एक भाग डिकॉक्शनवर तीन भाग उकळते, साय न धरलेले दूध ओतावे, साखर चवीपुरती घालावी आणि दोन भांड्यांत उंचावरून दोन-तीनदा ओतून फेस आणून लगेच प्यावे. उरलेली भाजलेली बी घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेड आणि उष्णतेपासून दूर ठेवल्यास दोन-तीन आठवडे चांगली टिकते.