बबल कॉलम उभा करताना: सोलापूरच्या नवशिक्यांसाठी

प्रोजेक्टला बबल कॉलम, म्हणजे तळातून हवेचे बुडबुडे सोडलेली पाण्याची उभी नळी, मिळाला की पहिली धाव सीएफडीकडे, म्हणजे संगणकावर प्रवाहाचं गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरकडे असते. रंगीत चित्रं लवकर हाती येतात, मान्य. पण ती खरी की खोटी हे ताडायला हाताने मोजलेला एकही आकडा जवळ नसतो. म्हणून आधी दीड मीटरचा कॉलम उभा करा. सॉफ्टवेअर कुठे पळून जात नाही.

ॲक्रिलिकची नळी घेताना दुकानदार बाहेरचा व्यास सांगतो. ११० मिमीच्या नळीची भिंत ५ मिमी असेल तर आतला व्यास १०० मिमी, क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी. कॉलममधल्या हवेचा वेग काढताना याच आकड्याने भागायचं: मिनिटाला ९.४ लिटर हवा म्हणजे सेकंदाला २ सेंमी. नळी गवंड्याच्या ओळंब्याने सरळ करा. जराशी कलली तरी बुडबुडे एका भिंतीला धरून चढतात आणि पाणी दुसऱ्या बाजूने उतरतं.

खरी मेख स्पार्जरमध्ये, म्हणजे तळाशी हवा सोडणाऱ्या भोकांच्या तबकडीत. १ मिमीची २५ भोकं पाडली तर वरच्याच प्रवाहाला भोकातला वेग जेमतेम ८ मीटर प्रति सेकंद भरतो. हवा-पाण्याच्या जोडीला साधारण ११ लागतात. त्याखाली काही भोकांतून पाणी खालच्या हवेच्या पेटीत गळतं आणि हवा उरलेल्या भोकांतूनच वर जाते. १३ भोकं ठेवली की वेग १५ वर पोचतो. बोअरचं पाणी वापराल तर क्षार बसून तीही बारीक होतात. मधूनमधून सायट्रिक ॲसिडने धुवा.

लाइट गेली, कॉम्प्रेसर थांबला, की पाणी उलटं हवेच्या नळीत शिरतं. एनआरव्ही (एकाच दिशेने वाट देणारा व्हॉल्व्ह) लावाच, शिवाय नळी पाण्याच्या पातळीच्या वरून वळवून आणा. आधी हवा, मग पाणी. बंद करताना आधी पाणी सोडा, मग हवा. रोटामीटरची (हवेचा प्रवाह तरंगत्या फ्लोटने दाखवणाऱ्या मीटरची) पट्टी बहुधा वातावरणाच्या दाबाला आखलेली असते. गेज १ बार दाखवत असताना फ्लोट १० लिटरवर असेल, तर वातावरणाच्या दाबाला मोजलेली हवा १४ लिटर असते. होल्डअपचे, म्हणजे कॉलममधल्या हवेच्या वाट्याचे, बरेचसे न जुळणारे आलेख इथेच बिघडलेले असतात.

उरलेले साबणाने बिघडतात. गळती शोधायला साबणाचं पाणी लावतात, त्याचा थेंब आत गेला की बुडबुडे एकमेकांत मिसळेनासे होतात, बारीक राहतात आणि होल्डअप फुगतो. कॉम्प्रेसरचं तेलही असाच घोळ घालतं, म्हणून फिल्टर लावा.

आता मोजणी. स्थिर पाणी १०० सेंमी, हवा सोडल्यावर १०९. होल्डअप ९ टक्के नव्हे. ९ ला १०९ ने भागा, ८.३ टक्के. ताळा असा: हवेच्या २ सेंमी वेगाला ०.०८३ ने भागलं की बुडबुड्याचा वेग २४ सेंमी प्रति सेकंद, आणि पाण्यात काही मिमीचा बुडबुडा साधारण २० ते २५ नेच चढतो. उत्तर ४० आलं तर रोटामीटर, नाहीतर स्पार्जर तपासा.

वेग ३ ते ५ सेंमीच्या पुढे गेला की मोठे बुडबुडे मधून उसळतात, पाणी मध्यभागी चढतं, भिंतीलगत उतरतं आणि पातळी इतकी नाचते की पट्टी निरुपयोगी ठरते. तिथे कॉलमच्या भिंतीला वर-खाली ५० सेंमी अंतरावर दोन उभ्या पारदर्शक नळ्या जोडा. ८ टक्के होल्डअपला वरच्या नळीतलं पाणी ४ सेंमी उंच दिसतं. नळीत अडकलेला एक बुडबुडा मात्र हे सगळं खोटं पाडतो. या फिरत्या पाण्याचं मॉडेल मुंबईच्या यूडीसीटीतल्या (आताची आयसीटी, रसायन तंत्रज्ञानाची संस्था) जोशी आणि शर्मा यांनी १९७९ मध्ये मांडलं: एकावर एक रचलेले भोवरे, प्रत्येकाची उंची जवळपास कॉलमच्या व्यासाएवढी. सीएफडीला बसण्याआधी ते वाचा.

१० सेंमीच्या नळीचे आकडे कारखान्याच्या टाकीला लावू नका. १५ सेंमीखाली भिंतीचा परिणाम राहतो. टॉवेलच्या प्रोसेस हाऊसच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) नोकरी लागली तर आणखी एक गोष्ट कळेल. रंगाईच्या सांडपाण्यात साबणासारखी द्रव्यं असतात. बुडबुडे छान बारीक दिसतात, तरी ऑक्सिजन स्वच्छ पाण्याच्या निम्म्यानेच विरघळू शकतो, कारण पृष्ठभागावर बसलेला थर त्याची वाट अडवतो.