हेडफोनमधून आवाज फाटतोय? नवे मागवण्याआधी या चुका टाळा

संगणकाला हेडफोन लावले आणि आवाज फाटका, चरचरीत किंवा लांबून आल्यासारखा यायला लागला, की बरेच जण हेडफोनच गेले असं धरून चालतात. काही जण सेटिंग्जमध्ये शिरतात आणि दिसेल ते बदलत सुटतात. पहिल्या मार्गाने पैसे वाया जाऊ शकतात. दुसऱ्याने मूळ बिघाडावर आणखी दोन-चार बिघाड चढतात आणि कशाने काय झालं याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून आधी आवाज नीट ऐका. जोरकस भागातच फाटतो, की हळू आवाजातही? अधूनमधून टकटक होऊन तुटतो? वाद्यं ऐकू येतात पण गायक गायब आहे? मीटिंग सुरू झाली की बिघडतो आणि संपली की सुधारतो? या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, आणि लक्षणावरूनच ते बरंचसं कळतं.

अदलाबदल न करताच निष्कर्ष काढणं

तेच हेडफोन मोबाइलला लावून पाहा आणि दुसरे कुठलेही साधे इअरफोन संगणकाला. मोबाइलवरही तसाच आवाज आला तर संगणकाच्या सेटिंग्जना हात लावायचं कारण नाही. दोन्ही जोड संगणकावरच बिघडत असतील तर दोष संगणकात आहे. एकाच अ‍ॅपमध्ये फाटत असेल तर त्या अ‍ॅपमध्ये, आणि एकाच गाण्यात फाटत असेल तर ते मुळातच तसं रेकॉर्ड झालेलं असू शकतं. तपासणीसाठी ओळखीचं, चांगल्या प्रतीचं एक गाणं ठरवून घ्या आणि दरवेळी तेच लावा. बदलसुद्धा एका वेळी एकच करा. त्याने फरक पडला नाही तर तो मागे घ्या आणि मगच पुढे जा.

ब्लूटूथ हेडफोनचाच माइक वापरणं

गाणी उत्तम वाजतात, पण व्हिडिओ कॉल किंवा गेममधलं बोलणं सुरू झालं की सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. ही तक्रार इतकी सर्रास आहे, तरी दोष बहुतेक वेळा हेडफोनच्या माथी मारला जातो. खरं कारण ब्लूटूथच्या रचनेत आहे. नेहमीच्या ब्लूटूथवर संगीत ज्या पद्धतीने येतं, त्या एटूडीपी पद्धतीत दोन्ही कानांसाठी वेगवेगळा, चांगल्या दर्जाचा आवाज असतो, पण तो फक्त हेडफोनच्या दिशेने जातो. माइक चालू झाला की जोडणी हँड्स-फ्री पद्धतीवर जाते. तिथे आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच होतो आणि सॅम्पलिंगचा दर, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद होते तो आकडा, बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतचेच सूर पोहोचू शकतात, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. झांज, सतार, ‘स’ आणि ‘श’ची धार, सगळं या वरच्या भागात असतं आणि तेच नाहीसं होतं.

उपाय साधा आहे. ऐकण्यासाठी ब्लूटूथ हेडफोन ठेवा आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा किंवा वेगळा यूएसबी माइक निवडा. ही निवड मीटिंगच्या अ‍ॅपमध्येही करावी लागते, कारण अनेक अ‍ॅप्स सिस्टीमची निवड बाजूला ठेवून स्वतःची चालवतात. विंडोज १०मध्ये अशा हेडफोनच्या दोन नोंदी दिसतात, एक स्टीरिओ आणि एक हँड्स-फ्री. गाणी ऐकताना चुकून दुसरी निवडलेली असेल तर माइक न वापरताही आवाज पातळ येतो. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण राहत नाही, मात्र त्यासाठी संगणक आणि हेडफोन दोघांनाही ती चालायला हवी.

जिथे मिळेल तिथे आवाज वाढवत जाणं

जोरकस भागात, विशेषतः ढोल किंवा बेसच्या ठोक्याला, आवाज खरखरत असेल तर संशय आधी इथे घ्या. डिजिटल आवाजाला एक कमाल मर्यादा असते. लाट त्या मर्यादेच्या वर गेली की तिचा माथा सपाट कापला जातो, आणि तो कापलेला माथा कानाला खरखरीसारखा ऐकू येतो. याला क्लिपिंग म्हणतात. ते घडायच्या जागा बऱ्याच आहेत. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये आवाज १०० टक्क्यांच्या पुढे नेता येतो. आवाज वाढवणारी ब्राउझर एक्स्टेंशन्स तेच करतात. लिनक्सवरही सिस्टीमचा आवाज शंभराच्या वर चढवता येतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इक्वलायझरमुळे, म्हणजे वेगवेगळ्या सुरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या सोयीमुळे. बेस ६ डेसिबलने वाढवला की त्या सुरांच्या लाटेची उंची जवळपास दुप्पट होते. आजची गाणी आधीच कमाल मर्यादेला टेकवून तयार केलेली असतात, त्यामुळे वाढवलेल्या बेसला जागाच उरत नाही. इक्वलायझरमध्ये प्रीअँप नावाची पट्टी असते. जितके डेसिबल वाढवलेत तितकेच तिथे कमी करा, म्हणजे बेस ६ने वर तर प्रीअँप ६ने खाली. एकूण आवाज कमी वाटेल, तो नंतर हेडफोनच्या किंवा अँप्लिफायरच्या बटणाने वाढवा. बेस वाढवण्यापेक्षा बाकीचे पट्टे खाली आणणं मला जास्त पटतं. परिणाम तोच होतो आणि कापाकापीचा धोका राहत नाही.

विंडोजमध्ये बेस बूस्ट, लाउडनेस इक्वलायझेशन, स्पेशियल साउंड यांसारख्या सोयी चालू असतील तर तपासणीपुरत्या सगळ्या बंद करा. सेटिंग्जमधल्या साउंड विभागात तुमचं उपकरण उघडलं की ऑडिओ एन्हान्समेंट्स हा पर्याय सापडतो. लॅपटॉप कंपनीचं वेगळं ऑडिओ अ‍ॅप असेल तर तेही पाहा, कारण एकाच आवाजावर दोन ठिकाणी प्रक्रिया झाली की तो घुमल्यासारखा होतो.

पिन पूर्ण न बसवणं, किंवा भलत्याच छिद्रात घालणं

वाद्यं स्पष्ट येतात, गाणारा मात्र विहिरीच्या तळाशी असल्यासारखा ऐकू येतो किंवा ऐकूच येत नाही. हे लक्षण दिसलं की सॉफ्टवेअर सोडून द्या आणि पिनकडे बघा. दोन्ही कानांना मिळून एकच ग्राउंडची, म्हणजे परतीची तार असते. तिचा संपर्क सुटला की डावा आणि उजवा स्पीकर एकामागोमाग जोडले जातात आणि तुम्हाला फक्त दोन्ही बाजूंमधला फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तो कापला जातो.

माइकवाल्या ३.५ मिमी पिनवर चार पट्टे असतात. ग्राउंड आणि माइक यांची जागा ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी, आणि त्यांत या दोघांची अदलाबदल असते. जुना हेडसेट नव्या लॅपटॉपला लावला तर ही गफलत होऊ शकते. ओळखायची खूण अगदी सोपी: वायरवरचं कॉल उचलायचं बटण दाबून धरा. दाबलेलं असेपर्यंत आवाज भरदार येत असेल आणि सोडल्यावर पुन्हा पोकळ होत असेल, तर पट्ट्यांचा मेळ बसलेला नाही आणि अडॅप्टर लागेल. डेस्कटॉपवर हिरवं आणि गुलाबी अशी वेगळी छिद्रं असतील तर चार पट्ट्यांची पिन थेट हिरव्यात घालण्याऐवजी माइक आणि आवाज वेगळे करणारा स्प्लिटर वापरा.

पिन शेवटपर्यंत बसत नसेल तर संगणक बंद करून छिद्रात टॉर्च मारा. तळाशी कापसासारखी धूळ साचलेली असते. ती लाकडी टूथपिकने अलगद काढा, टाचणी किंवा सुई घालू नका. वायर पिनच्या मुळाशी वाकवल्यावर आवाज येत-जात असेल तर आत तार तुटत आली आहे.

हेडफोनच्या आतलंही एकदा पाहून घ्या. फक्त खालच्या सुरांना भुणभुण होत असेल तर इअरपॅड काढून जाळीवर टॉर्च मारा. पडद्याला टेकलेला एखादा केससुद्धा हा आवाज करतो. कानात जाणाऱ्या इअरफोनच्या जाळीवर मळ बसला असेल तर तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने काढा.

तुटक चरचरीला सेटिंग न बघता रीइन्स्टॉल करत बसणं

टकटक, चरचर, मधेच गॅप, आणि आवाज हळू केला तरी तेच. इथे आवाजाचा डेटा वेळेवर पोहोचत नाहीये. यूएसबी हेडफोन हबमधून काढून थेट संगणकाला लावा. वायरलेस हेडफोनचं यूएसबीत लावायचं छोटं डोंगल यूएसबी ३च्या पोर्टला किंवा चालू हार्ड डिस्कला चिकटून असेल तर एक्स्टेंशन वायरने लांब न्या. यूएसबी ३च्या संदेशांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात व्यत्यय येतो आणि असे हेडफोन सहसा त्याच पट्ट्यात चालतात.

मग विंडोजमध्ये उपकरणाच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर आवाजाचा फॉरमॅट बघा. १९२ किलोहर्ट्झ ठेवला तर आवाज जास्त चांगला येईल असं वाटतं, पण सीडीचं संगीत ४४.१ आणि व्हिडिओंचा आवाज बहुधा ४८ किलोहर्ट्झचा असतो. उगाच मोठा आकडा ठेवून कामच वाढतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. तरीही तुटत असेल तर वीज वाचवणारा मोड बंद करा आणि लेटन्सीमॉन हे मोफत साधन चालवा. कोणता ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरला अडवून धरतोय ते त्यात दिसतं. दोषी ऑडिओचाच ड्रायव्हर असेल असं नाही, वायफायचा किंवा ग्राफिक्सचाही निघू शकतो.

ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देणाऱ्या अ‍ॅप्सच्या नादी लागू नका. संगणकाच्या निर्मात्याच्या साइटवरून मॉडेलनुसारच ड्रायव्हर घ्या. तोही चालला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या यादीतून विंडोजचा स्वतःचा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडून बघा. त्यावर आवाज सुधारला तर कंपनीच्या ड्रायव्हरमध्येच गडबड होती. याने काहीच बदललं नाही, तर एक साधा यूएसबी ऑडिओ अडॅप्टर लावून त्यात हेडफोन घाला. त्यातून स्वच्छ वाजलं, तर आतलं सर्किट किंवा जॅक बिघडलेला आहे. अशा वेळी मदरबोर्डच्या दुरुस्तीत पडण्यापेक्षा तो अडॅप्टरच कायमचा वापरणं सोयीचं.