स्तनाग्र चिघळलंय? डॉक्टरांकडे जाण्याआधी

ही जखम बायका फार अंगावर काढतात. जागा दाखवायचा संकोच, त्यात दुखतही फारसं नाही, नुसती खाज. म्हणून आधी अपॉइंटमेंट घेऊन टाका, बाकीची तयारी तारीख ठरल्यावर.

एका कागदावर लिहा: कधीपासून, एका बाजूला की दोन्हीकडे, आणि सुरुवात बोंडावर झाली की भोवतीच्या काळ्या वर्तुळावर? साधा इसब बहुधा वर्तुळावर सुरू होतो आणि बऱ्याचदा दोन्हीकडे असतो. पॅजेटचा आजार हा कर्करोग. तो जवळजवळ नेहमी एकाच बाजूला, बोंडापासून सुरू होऊन बाहेर सरकतो. १८७४ साली लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी अशा सुमारे १५ बायकांची नोंद केली होती. वरून इसबासारखं दिसणारं, आणि पुढे प्रत्येकीला स्तनाचा कर्करोग. काखेत, स्तनात गाठ लागते का, बोंड आत ओढलं गेलंय का, ब्रावर रक्ताचा डाग पडतो का, हेही लिहा. अंगावर पाजत असाल, नवा साबण आणला असेल, रोज पळायला जात असाल तर तेही, कारण चिरा आणि घासल्याच्या जखमा असतातच.

दिवसाउजेडी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घाला, मेडिकलवाल्याने दिलेली गजकर्णाची ट्यूबसुद्धा. तिच्यात अनेकदा स्टिरॉइड असतं, आणि त्याने पॅजेटही काही दिवस निवल्यासारखा वाटतो. जायच्या दिवशी मात्र जखमेवर काही लावू नका. मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) असेल तर काखेत पावडर, डिओही नको. पुढून उघडणारा कुर्ता बरा. जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं आणि घरात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, ही माहिती सोबत हवी.

डॉक्टरांनी मलम दिलं तर तिथेच विचारा: दोन आठवड्यांत पूर्ण भरलं नाही तर तुकडा तपासायला कधी घ्यायचा? बायोप्सीचं नाव ऐकून बायका पळतात. वास्तविक जागा बधिर करून छोटासा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो, एवढंच. नुसत्या मॅमोग्राफीवर समाधान मानू नका, ती स्वच्छ असूनही पॅजेट असू शकतो. उलटही होतं: बोंडातली अ‍ॅडिनोमाची साधी गाठ हुबेहूब तशीच चिघळते, पण ती पूर्ण काढली की काम भागतं. पॅजेट निघाला तर बोंड-वर्तुळासह खालचा भाग काढून किरणोपचार, नाहीतर पूर्ण स्तन काढणं. आत रोग किती पसरलाय यावर ते ठरतं. त्यामुळे रिपोर्टच्या दिवशी कुणाला तरी बरोबर न्या, दोघांनी ऐकलेलं लक्षात राहतं.

पुरुषांनाही हा आजार होतो, क्वचित, यादी तीच. आणि लॅबमधून निघताना रिपोर्टसोबत स्लाइड (तुकड्याच्या काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) कधी मिळतील ते विचारून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात.