हॅटला रिबन कुठल्या रंगाची लावायची?

मालवणात टुरिस्ट सीझन सुरू झाला की माझ्याकडे हॅटच्या ऑर्डरी येतात आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, रिबन कुठली. आधी हॅटचा रंग नीट बघा, गवताची हॅट म्हणजे नुसती पिवळी नसते, कुठली सोनेरी तर कुठली राखाडीकडे झुकते. सोनेरीवर कोकमाचा लाल, नेव्ही ब्लू, शेवाळी मस्त उठून दिसतात, आबोली मात्र जवळजवळ विरघळून जातो, मुद्दाम तसंच हवं असेल तर लावा.

ट्यूबलाइटखाली रंग फायनल करू नका हां, पडवीत उजेडात नेऊन बघा, दुकानातला काळा बाहेर आल्यावर चॉकलेटी निघतो, माझं झालंय असं. आणि गडद लाल-निळ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळा, रंग सुटला तर घामाने हॅटवर डाग पडलाच म्हणून समजा, त्यात आपल्याकडची दमट हवा. साटीन चमकतं म्हणून तोच रंग त्यावर भडक वाटतो, ग्रॉसग्रेनवर, म्हणजे बारीक आडव्या रेघांच्या, कमी चमकणाऱ्या रिबनवर शांत, मला तरी ग्रॉसग्रेनच आवडतं. कापताना घेरापेक्षा 3-4 सेंमी जास्त ठेवा, जोड डाव्या बाजूला बो-खाली लपतो.