किनाऱ्याकिनाऱ्याने भटकंती आणि स्वस्त हॉस्टेल: या चुका टाळा

उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यावर सॅक लावून हिंडणारी माणसं सगळ्यात जास्त बेजार होतात ती ओलीने. निघताना धास्ती असते चोरांची, शार्कची, वादळाची. आठवड्याभराने त्याच माणसांच्या तक्रारी ऐका: मांड्या घासून आलेले चट्टे, पायांच्या बोटांत चिखल्या, कुबट वास मारणारी सॅक, चार्ज न होणारा फोन. हवेत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असली की घाम वाळत नाही, कपडा वाळत नाही आणि जखमही वाळत नाही. खालच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ तिथेच आहे.

सॅक भरताना

पहिली चूक जीन्स आणि जाड टर्किश टॉवेल. दोन्ही एकदा भिजले की दोन दोन दिवस वाळत नाहीत, आणि ओल्या जीन्सचं वजन पाठीवर घेऊन पुढची बस पकडावी लागते. पातळ, झटपट वाळणारे कपडे घ्या. त्यातही एक जोड फक्त झोपण्याचा ठेवा आणि तो कुठल्याही परिस्थितीत बाहेर घालू नका. दिवसभर घाम आणि खाऱ्या पाण्यात राहिलेल्या कातडीला रात्रीचे सात-आठ तास कोरडे मिळाले, तर निम्म्या तक्रारी औषधाविना जातात. घासून चट्टे येत असतील तर सकाळीच मांड्यांना व्हॅसलीन लावा. चट्टा उठल्यावर लावून आग थांबते, चट्टा थांबत नाही.

दुसरी चूक रेन कव्हरवर विसंबण्याची. कव्हर बाहेरून झाकतं, पण पाणी उतरतं ते पाठ आणि सॅक यांच्या मधून. होडीत तर सॅक तळाशी साचलेल्या पाण्यात टाकली जाते आणि तिथे कव्हर वाटीसारखं पाणी धरून ठेवतं. त्यापेक्षा सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा. कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू वेगळ्या ड्राय बॅगेत, म्हणजे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत ठेवा. तोंड किमान तीन वेळा गुंडाळल्याशिवाय ती बॅग पाणी अडवत नाही.

याच ड्राय बॅगेत ओले कपडे कोंबणारेही पुष्कळ भेटतात. पाणी बाहेरून आत येत नाही तसं आतून बाहेरही जात नाही. एक-दोन दिवसांत बुरशी धरते. वास बसलाच असेल तर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून कपडे अर्धा तास भिजवा, मग साबणाने धुऊन कडक उन्हात टाका. नुसता जास्त साबण घालून तो वास जात नाही. सॅकवर समुद्राचं पाणी उडालं असेल तर चेनवरून गोडं पाणी फिरवा. मीठ वाळून बसलं की चेन आधी अडकते आणि मग तुटते.

वजनाबद्दल थोडक्यात: ४० लिटरच्या वरची सॅक नको. स्वस्त विमान कंपन्या केबिनमध्ये बऱ्याचदा ७ किलोच चालवून घेतात. पॉवर बँक मात्र चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच हवी.

एकच देश, दोन हवामानं

"तिकडे पावसाळा कधी असतो?" हा प्रश्नच अर्धवट आहे. तिकडे म्हणजे कुठल्या किनाऱ्याला? श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर मोसमी पाऊस असतो, तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. डिसेंबरात हे चित्र उलटं होतं. थायलंडमध्ये अंदमान समुद्राकडची बाजू मे ते ऑक्टोबर भिजते, तर थायलंडच्या आखातातल्या सामुई बेटावर खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. देशाचं नाव टाकून हवामान शोधलं की राजधानीचं हवामान कळतं आणि होड्या बंद असलेल्या किनाऱ्यावर तुम्ही जाऊन बसता. किनाऱ्याच्या नावाने शोधा. परतीचं विमान आणि शेवटची होडी यांत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, कारण समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि त्यावर कुणाशी भांडून उपयोग नसतो.

हॉस्टेल निवडताना आणि त्यात राहताना

सरासरी रेटिंग पाहून बुकिंग करणं ही सर्रास होणारी चूक. सरासरीत तीन वर्षांपूर्वीचं कौतुकही मोजलेलं असतं, आणि किनाऱ्यावरची इमारत तीन वर्षांत पार बदलते. अभिप्राय ताज्यापासून लावा आणि त्यांत नेमके शब्द शोधा: ढेकूण, वास, पाणी, आवाज, लॉकर. कोरड्या मोसमातलं झकास हॉस्टेल पावसात गळू शकतं, म्हणून तुमच्याच महिन्यातले अभिप्राय वाचा. "समुद्रापासून दोन मिनिटं" याचा अर्थ बहुधा "बारपासून एक मिनिट" असा निघतो. झोप हवी असेल तर थोडं आत राहा.

पंख्याची डॉर्म (अनेकांनी मिळून झोपायची खोली) की एसीची? सरसकट स्वस्त ते घेणाऱ्यांना माझा सल्ला असा, की चार-पाच रात्रींतून एक रात्र एसीची घ्या. एसी खोलीतली आर्द्रता खेचून घेतो, त्यामुळे कपडे, बूट, सॅक असं सगळं एकदा खऱ्या अर्थाने वाळतं. बाकीच्या रात्री समोरासमोर खिडक्या असलेली पंख्याची डॉर्म उत्तम. खिडकी नसलेली, एसी फक्त रात्री चालणारी डॉर्म मात्र दोन्हीकडून वाईट.

पोहोचल्या पोहोचल्या सॅक गादीवर फेकू नका. आधी ती फरशीवर, शक्यतो बाथरूमच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी, कोपरे, पलंगाच्या फटी तपासा. शाईसारखे बारीक ठिपके, फिकट साली किंवा सफरचंदाच्या बीएवढे तपकिरी किडे दिसले तर ढेकूण आहेत. खोली बदलून मागा आणि ती शेजारचीही नको, कारण ते भिंतीतून पलीकडे जातात. चावे सकाळी कळले तर फवारे मारत बसू नका. कपडे ड्रायरमध्ये जास्तीत जास्त तापमानावर अर्धा तास फिरवा. उष्णतेने किडे आणि अंडी दोन्ही मरतात. रिसेप्शनवर सांगा आणि पुढच्या हॉस्टेलात सॅक नेण्याआधी तिच्या शिवणीही बघा. ढेकूण रोग पसरवत असल्याचं आढळलेलं नाही, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. मात्र तुम्हीच त्यांना पुढे पोहोचवू शकता.

कुलूप स्वतःचं न्या आणि ते जाड आणू नका. लॉकरच्या कडीचं भोक लहान असतं, त्यात जाड दांडीचं कुलूप शिरतच नाही. खाऱ्या हवेत लोखंडी कुलूप गंजून अडकतं, पितळी टिकतं. अडकलंच तर ओढाताण न करता तेलाचे दोन थेंब सोडून दहा मिनिटं थांबा.

पहाटेची होडी असेल तर सामान रात्रीच बांधा. चार वाजता अंधारात प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर करणाऱ्या माणसाला डॉर्ममध्ये कुणी माफ करत नाही. बाथरूममध्ये अनवाणी जाणं ही चिखल्यांना दिलेली सोय आहे. चपला घाला, बोटांच्या बेचक्या पुसा, खाज सुरू झाली तर क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं मलम लावा आणि कातडी बरी दिसल्यावरही थोडे दिवस चालू ठेवा. पुन्हा पुन्हा चिखल्या होतात त्या बहुतेक वेळा औषध लवकर थांबवल्यामुळेच.

फोन

"वॉटरप्रूफ आहे" म्हणून फोन समुद्रात नेऊ नका. फोनमध्ये पाणी शिरतं का हे बघणारी आयपी ६८ ही चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या नाही. खारं पाणी लागलंच तर फोन बंद करा, गोड्या पाण्याने हलकेच धुवा, चार्जिंगचं भोक खाली करून पाणी झटका आणि पंख्यासमोर ठेवा. ओल्या भोकात केबल घातली की पिना सडतात. तांदळात फोन पुरण्याने फायदा होत नाही, उलट कण आत जातात. एसीतून बाहेर आल्यावर कॅमेऱ्यावर धुकं धरतं, त्यावर उपाय एवढाच की वीसेक मिनिटं बॅग उघडू नका.

ऊन आणि डास

विषुववृत्ताजवळ यूव्ही निर्देशांक (उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता) वर्षभर ११ च्या वर जाऊ शकतो, आणि ढग असले तरी किरणांचा बराच भाग खाली पोहोचतो. ढगाळ दिवशी भाजलेले लोक जास्त दिसतात, कारण त्या दिवशी कुणी क्रीम लावत नाही. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा. पाण्यात तासभर तरंगणार असाल तर क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा. मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर कातडी नेहमीपेक्षा लवकर भाजते, हे औषध लिहून घेतानाच विचारून ठेवा.

आधी सनस्क्रीन, मग डासांचं औषध. उलटा क्रम नको. डास रात्रीच चावतात हा समजही सोडा. डेंग्यूचा एडीस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी.

पाण्यात उतरताना

सगळ्यात महागात पडणारी चूक इथली. नवखा माणूस किनाऱ्यावर उभा राहून लाटा फुटत नसलेली शांत जागा हेरतो आणि तिथेच उतरतो. दोन्हीकडे लाटा फुटताहेत, मधला पट्टा मात्र गडद, सपाट आणि त्यावरून फेस खोल समुद्राकडे सरकतोय, तर तीच ओढ: रिप करंट. तिचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. तिच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही दमतो, आणि माणूस बुडतो तो दमून. सापडलात तर तरंगत राहा, हात हलवून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला निघा. ओढ तुम्हाला आत नेते, खाली नाही.

दुसरी गोष्ट भरतीची. ओहोटीत चालत गेलेली खडकाळ वाट सहा तासांत पाण्याखाली जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पाणी नेहमीच्या खुणेच्याही वर चढतं. निघण्याआधी त्या दिवसाची वेळ बघा.

बॉक्स जेलीफिशचा डंख झाला तर वाळू चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. निदान ३० सेकंद व्हिनेगर ओता आणि मदत बोलवा. स्टोनफिश किंवा पाकटाच्या काट्यासाठी उपाय वेगळा: सोसवेल इतकं, साधारण ४५ अंशांचं गरम पाणी, आणि लगेच दवाखाना. प्रवाळाने खरचटलं तर जखम साबणाने घासून धुवा, त्यातले कण काढा आणि दोन दिवस समुद्र बंद. "खाऱ्या पाण्याने जखम भरते" या समजुतीने साधं खरचटणं चिघळतं.

स्कूटर आणि ताप

स्कूटर घेताना पासपोर्ट गहाण ठेवू नका, त्याची प्रत आणि रोख अनामत द्या. विम्याचं कलम वाचा: परवाना त्या वाहनाचा नसेल तर अपघाताचा दावा बहुधा नाकारला जातो. आंतरराष्ट्रीय परवाने १९४९ आणि १९६८ अशा दोन करारांखाली निघतात आणि काही देश त्यांपैकी एकच मानतात, म्हणून तुमच्याकडचा कुठला ते आधी बघा.

जुलाब झाले तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यू असल्यास अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसलं तर डॉर्ममध्ये पडून राहू नका, ताप उतरत असला तरी. मलेरियाचा ताप घरी परतल्यावर काही आठवड्यांनीही येऊ शकतो, कधी महिन्यांनी. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कुठे कुठे फिरून आलात ते स्वतःहून सांगा आणि रक्ताची तपासणी करून घ्या.