अवमान याचिकेवर रजिस्ट्रार कार्यालयाचा आक्षेप आला तर काय करावे

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अवमान याचिका (न्यायालयाचा आदेश पाळला नाही, अशी तक्रार) दाखल करणाऱ्याची पहिली गाठ न्यायमूर्तींशी नव्हे, तर रजिस्ट्रार कार्यालयाशी, म्हणजे न्यायालयाच्या प्रशासकीय कार्यालयाशी पडते. परभणीहून किंवा बीडहून रात्रीच्या एसटीने आलेला माणूस आक्षेपाच्या कागदावर ‘याचिका चालण्याजोगी नाही’ असा शेरा वाचतो, ते न्यायालयाचेच मत समजतो आणि परत फिरतो. हे थांबले पाहिजे.

अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २१५ ने उच्च न्यायालयाला दिला आहे, रजिस्ट्रारला नाही. रजिस्ट्रार कागद तपासतात, त्रुटी दाखवतात आणि न्यायालयाने सांगितल्यावर नोटीस काढतात. अवज्ञा हेतुपुरस्सर होती का, माफी मनापासूनची आहे का, प्रकरण बंद करावे का, हे मात्र न्यायमूर्तींनीच ठरवायचे असते. म्हणून ‘पूर्ततेचा अहवाल कार्यालयात दिला, आता विषय संपला’ असे समोरच्या खात्याचा कर्मचारी म्हणाला, तरी न्यायालयाचा आदेश होईपर्यंत विषय संपत नाही.

समजा, एका निवृत्त शिक्षकाची थकबाकी ८ आठवड्यांत द्यावी, असा आदेश १० जानेवारी २०२४ रोजी झाला आणि ६ मार्चपर्यंत एक रुपयाही मिळाला नाही. त्यांच्या याचिकेवर तीन आक्षेप येतात: पान १४ ची झेरॉक्स वाचता येत नाही, आदेशाची प्रमाणित प्रत जोडलेली नाही, आणि हेतुपुरस्सर अवज्ञा दिसत नाही. पहिले दोन योग्य आहेत. त्यांवर वाद न घालता ते लगेच दूर करावेत, कारण मुदतीत त्रुटी न काढल्यास नोंदणी नाकारली जाऊ शकते. तिसरा आक्षेप कार्यालयाच्या अखत्यारीतला नाही. त्यावर खिडकीशी हुज्जत न घालता, ‘हा प्रश्न न्यायिक निर्णयाचा असल्याने प्रकरण आक्षेपासह न्यायालयापुढे ठेवावे’ असे वकिलांमार्फत लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. पी. सुरेंद्रन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितले: याचिकेला क्रमांक देणे हे प्रशासकीय काम आहे, ती चालण्याजोगी आहे की नाही हे न्यायालय ठरवील. ते प्रकरण अटकपूर्व जामिनाचे होते, पण तत्त्व इथेही तितकेच लागू पडते.

मुदतीबाबत मात्र ढिलाई नको. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम २० नुसार मुदत अवमान घडल्यापासून एक वर्षाची आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या पल्लव शेठ निकालानुसार अर्ज त्या वर्षाच्या आत दाखल झालेला असावा लागतो. वरील शिक्षकांनी ५ मार्च २०२५ च्या आधीच याचिका दाखल करून स्टॅम्प नंबर (नोंदणीआधी मिळणारा तात्पुरता क्रमांक) घ्यावा. वर्ष उलटल्याची नोंद कार्यालय करू शकते. त्या कारणावरून याचिका फेटाळणे न्यायालयाच्या हाती आहे.

आदेश न पाळणे हा दिवाणी अवमान. फौजदारी अवमानाची, म्हणजे न्यायालयाची बदनामी किंवा न्यायदानात अडथळा आणण्याची, वाट वेगळी आहे. खासगी व्यक्तीला कलम १५ प्रमाणे महाधिवक्त्यांची (राज्य सरकारच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यांची) लेखी संमती लागते. ती जोडली आहे का, हे कार्यालय पाहील. ती देण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार त्याला नाही. अशी प्रकरणे किमान दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढेच चालतात.

न्यायालयाने नोटीस काढण्याचा आदेश दिला की बजावणीकडे लक्ष द्यावे. कलम १७ प्रमाणे फौजदारी अवमानात (कलम १५ च्या कार्यवाहीत), न्यायालयाने कारणे नोंदवून वेगळे सांगितले नसेल तर नोटीस त्या व्यक्तीच्या हाती पडावी लागते. दिवाणी अवमानातही नोटीस नेमक्या व्यक्तीपर्यंत पोहोचावी म्हणून याचिकेत नुसते खात्याचे नाव न घालता अधिकाऱ्याचे नाव, पद आणि सध्याचा पत्ता द्यावा, आणि त्यांची बदली झाली असेल तर तारखेपूर्वीच ती दुरुस्ती करून घ्यावी.