आधी एक फेरी निवडा: गल्लीत आणि गावात पायी व सायकलने ये-जा वाढवण्याचा उपक्रम कसा चालवावा

सायकल फेरी काढायची, टोप्या वाटायच्या, पाहुण्यांच्या हस्ते झेंडा दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी आणायला पुन्हा स्कूटी काढायची, हा प्रकार बेळगाव परिसरातील बहुतेक मंडळांनी एकदा तरी केलेला आहे. अशा फेरीने उत्साह येतो. सवय मात्र बदलत नाही. म्हणून युवक मंडळ, महिला मंडळ किंवा शाळेच्या पालकांना खरोखर काही घडवायचे असेल, तर त्यांनी घोषणेऐवजी रोजची एकच फेरी निवडावी. शाळेची, दुधाची, दळणाची किंवा बस थांब्यापर्यंतची फेरी निवडून किमान तीन महिने तिच्याच मागे लागावे.

निवड अंतर पाहून करावी. बेताच्या चालीने एक किलोमीटर जायला 12 ते 15 मिनिटे लागतात आणि तेवढ्याच वेळात साध्या सायकलवरून तीन किलोमीटर सहज होतात. बेळगाव शहरातील शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या भागांतील बहुतेक रोजची कामे या अंतरात बसतात. खेड्यात बस थांब्याचा विचार आधी करावा. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेखाली राज्य परिवहनच्या साध्या बसमधून राज्यातील स्त्रियांना तिकीट लागत नाही. तेव्हा घरापासून थांब्यापर्यंतची वाट उजेडाची आणि चिखलाविना असेल, तर कोणी दुचाकीवरून सोडण्याची वाट पाहत बसण्याचे कारण उरत नाही.

फेरी ठरली की आठवडाभर वही घेऊन त्या वाटेवर उभे राहावे. सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास किती माणसे चालत गेली, किती सायकलवरून आणि किती दुचाकीवरून, हे नुसत्या रेघा ओढून मोजता येते. त्यासोबत दुचाकीवाल्यांना एकच प्रश्न विचारावा, की एवढ्या अंतराला गाडी का काढली. आळस हे उत्तर अपेक्षित असते, पण लोक मोकाट कुत्री, बंद पडलेला दिवा, उघडे गटार, सायकल ठेवायला जागा नसणे अशी कारणे सांगतात, आणि क्वचित कोणी प्रामाणिकपणे ‘लोक काय म्हणतील’ हेही बोलून दाखवतो. ही कारणे म्हणजेच उपक्रमाची कामांची यादी होय. गणेशोत्सवात देखावे पाहण्यासाठी हीच माणसे अर्धी रात्र पायी हिंडतात, तेव्हा चालण्याचा कंटाळा हे खरे कारण नसते.

सुरुवातीला शाळेची फेरी सर्वांत फळते, असे माझे मत आहे. मुलांनी गटाने, मोठ्यांच्या सोबतीने, ठरलेल्या वाटेने शाळेत चालत जाण्याची कल्पना ऑस्ट्रेलियात डेव्हिड एंगविच्ट यांनी 1990च्या दशकात मांडली. आपल्याकडे तिला पायदिंडी म्हटले तर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एका दिंडीत आठ-दहा मुले आणि दोन मोठी माणसे असावीत, एक पुढे आणि एक मागे. मारुतीचे देऊळ, गिरणी, पाण्याची टाकी असे तीन-चार थांबे आणि त्यांच्या वेळा कागदावर लिहून प्रत्येक घरी द्याव्यात, आणि उशीर झालेल्या मुलासाठी दिंडी थांबणार नाही हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट करावे, कारण एका घरासाठी पाच मिनिटे थांबलेली दिंडी पंधरवड्यात मोडते. पालकांची लेखी संमती घ्यावी. सोबतीच्या माणसांची पाळी आठवड्याची ठेवावी आणि राखीव म्हणून आणखी दोघांची नावे असावीत. निवृत्त आजोबा-आजी या कामाला उत्तम, मात्र मोठा रस्ता ओलांडायचा असेल तेथे धडधाकट माणूसच हवा.

सायकलीसाठी नव्या खरेदीची घाई करू नये. कर्नाटक सरकारने 2006-07 पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली देण्यास सुरुवात केली होती, आणि त्यांपैकी कितीतरी अजून माळ्यावर किंवा गोठ्यात गंजत पडल्या आहेत. एखाद्या रविवारी शाळेच्या पटांगणात दुरुस्ती शिबिर घ्यावे: ट्यूबचे पंक्चर, ब्रेकची रबरे, चेनला तेल, घंटी आणि मागचा रिफ्लेक्टर एवढे झाले तरी बहुतेक सायकली रस्त्यावर येतात. पूर्वी तासावर भाड्याने सायकली देणारे मिस्त्री अजून काही गल्ल्यांत आहेत. त्यांना बोलवावे आणि त्यांची मजुरी मंडळाने द्यावी, फुकट राबवू नये. ज्या स्त्रियांना सायकल येत नाही त्यांच्यासाठी पहाटेचा वर्ग ठेवावा. सीट इतकी खाली करावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, पेडल काढून ठेवावीत आणि आधी नुसते पायाने ढकलत तोल साधू द्यावा. तोल आला की पेडल बसवावीत. मागून धरून पळण्यापेक्षा ही रीत कमी भीतीची आहे.

उपक्रम दसऱ्यानंतर सुरू करावा. जूनमध्ये आरंभ केलेल्या गोष्टी आपल्या पावसात वाहून जातात. मात्र दसऱ्यानंतरच्या काळात उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, तेव्हा निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या पट्ट्यात अंधारानंतर सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा असल्याशिवाय कोणालाही मोठ्या रस्त्यावर पाठवू नये.

रस्त्याची कामे मात्र मंडळाच्या हातची नसतात. त्यासाठी शहरात आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे व महापालिकेकडे, तर खेड्यात ग्रामसभेत आणि ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) अर्ज द्यावा. अर्ज कन्नडमध्ये लिहून मराठी प्रत सोबत जोडावी आणि पोच घ्यावी; भाषेच्या वादात गटाराचे झाकण अडकू देण्यात शहाणपण नाही. तक्रार मोघम नसावी. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फूटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी आणि त्याच्या कडेची रस्त्यापासूनची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. टेप लावून मोजलेल्या जागेचा फोटो अर्जाला जोडला तर उत्तर टाळणे अवघड जाते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे, त्याचाही उल्लेख करावा. फूटपाथवरील भाजीवाल्यांशी भांडण काढू नये. पायी येणारा गिऱ्हाईक हाच त्यांचा आधार असतो, त्यामुळे समजावले तर ते उपक्रमाच्या बाजूचे होतात.

तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच वारी, त्याच तासांना पुन्हा मोजणी करावी. शनिवारचा बाजार, यात्रा किंवा परीक्षेचा आठवडा मोजणीत आला तर आकडे फसवे निघतात, म्हणून ते दिवस वगळावेत. आकडा हलला नसेल तर पत्रके वाढवण्याऐवजी वहीतील कारणे पुन्हा वाचावीत, कोणते राहून गेले ते पाहावे, आणि तरीही उत्तर सापडले नाही तर ती फेरी सोडून दुसरी घ्यावी.